गोरसीजवळच्या टोप्या

आमच्या घरात भिण्याचं काम माझ्याकडे आहे. गॅस बंद केला का, मागचं दार लागलं का, नव्या रायपुरात नोकरीला जाणारी मुलगी त्या रुंद ओसाड रस्त्यांवरून अंधाराच्या आत परत येईल का, हे सगळं मी बघायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, अशी वाटणी कधीची ठरलेली आहे. नवरा रेल्वेतून निवृत्त होऊन दिवसभर घरी राहायला लागला, तेव्हा त्याला माझ्या भीतीचा जवळून परिचय झाला. "मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हण त्याने जणू माझ्यासाठीच राखून ठेवली आहे. शेवटी तोच एक दिवस वैतागून म्हणाला, "तू त्या क्रोशावाल्या बायांमध्ये जात जा. हात कामात राहिले का डोकं गप्प बसते."

म्हणून मी गेले. रायपूरच्या जुन्या वस्तीत, तात्यापाऱ्यात, एका काकूंच्या बैठकीच्या खोलीत दर बुधवारी दुपारी काही मराठी बायका जमतात. काही माझ्यासारख्या, नवऱ्याच्या नोकरीमागे वर्धा-नागपूरकडून आलेल्या. काकूंचं घराणं मात्र भोसल्यांच्या वेळेपासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी किती आणि छत्तीसगढी किती हे त्यांनाही सांगता येणार नाही. थंडी पडायच्या आधीपासून या बायका बीरगांवच्या नवजात बाळांसाठी टोप्या आणि मोजे विणतात. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत काम करणारी माणसं तिथे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री बर्फ होतो, आणि बाळं काही ऋतू बघून जन्माला येत नाहीत.

क्रोशाची मला भीतीच वाटली. एकच सुई, तिला टोकाशी आकडा, आणि एवढ्यावर टोपी उभी करायची. साखळी घालता घालता मी धागा असा आवळायची की पुढच्या ओळीत सुई आत शिरायचीच नाही. काकू माझ्या हातातून काम घ्यायच्या, सर्र करून उसवायच्या आणि परत द्यायच्या. "अवं, हात ढिल्ला सोड ना. लोकर काही पळून नाही चालली." माझी पहिली टोपी पुरी झाली तेव्हा त्यांनी ती मुठीवर चढवून बघितली आणि म्हणाल्या, "यात नारळ शिरत नाही, लेकराचं डोकं कसं शिरन?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी जाताना वाटत राहिलं की समजा कुणाच्या लक्षात आलं नसतं आणि ही आवळ टोपी खरंच एखाद्या बाळाच्या टाळूवर बसली असती तर.

पुढे हात सुटला. खांब, म्हणजे उभे टाके, एकसारखे यायला लागले. लोकर काकूंच्या ठरलेल्या दुकानातून, सदर बाजारातून यायची. मऊ, चमकदार, धुतली तरी न आटणारी, पोपटी, गुलाबी, लिंबासारखी पिवळी. आम्ही तिला लोकर म्हणायचो, पण मेंढीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर अॅक्रिलिक असं स्वच्छ लिहिलेलं असायचं आणि आम्ही ती पट्टी काढून टाकायचो.

माझी पहिली पास झालेली टोपी फिक्या निळ्या रंगाची होती. निळा धागा संपला म्हणून खालची किनार पोपटी केली. ती बाकीच्या टोप्यांबरोबर बीरगांवला द्यायची होती तेव्हा मी मुद्दाम काकूंच्या सोबत गेले. तिथली मितानिन आमच्याकडून कपडे घेऊन घरोघरी वाटते. आशा कार्यकर्तीला इथे मितानिन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. चाळिशीची, खणखणीत आवाजाची, सतत कुठेतरी निघालेली बाई. तिने माझी टोपी उचलून उलटसुलट केली आणि खूश होऊन म्हणाली, "बने हे दीदी. अब सेंकत बेरा लइका के मूड़ घलो तोपाय रइही." शेकताना बाळाचं डोकंही झाकलेलं राहील, असं ती म्हणत होती. मला इतका आनंद झाला की मी ते शब्द घरी येऊन नवऱ्याला म्हणून दाखवले.

दोन-तीन आठवड्यांनी काकूंनी आम्हा नव्या बायकांना शेवट पक्का करायला शिकवलं. टोपी संपली की धाग्याचं टोक आतून ओवून घ्यायचं, आणि ते सुटू नये म्हणून काडीने जरासं जाळायचं. जाळलं की टोक वितळतं, त्याची बारीकशी गाठ होते आणि ती गाठ कधी सुटत नाही. काकू हे इतक्या सफाईने करत की टोपीला धग लागायची नाही. मी काडी ओढली, टोक धरलं, ते काळं झालं आणि मी अंगठ्याने दाबलं. वितळलेला थेंब अंगठ्याला चिकटला. मी हात झटकला तरी तो सुटेना. ओढून काढला तेव्हा त्याच्याबरोबर कातडीचा पापुद्रा निघाला.

बायका हसल्या, कुणी बर्फ आणायला उठलं. मी मात्र अंगठा तोंडात धरून बसले होते आणि माझ्या कानात मितानिनचं वाक्य वाजत होतं. सेंकत बेरा. म्हणजे गोरसीजवळ.

गोरसी म्हणजे मातीची पसरट शेगडी. तिच्यात गोवऱ्यांचे निखारे घालतात आणि छत्तीसगडात बाळ झालं की ती बाळंतिणीच्या खोलीत पेटते. म्हातारी बाई तिच्यावर तळवा गरम करून बाळाला शेकते. आपल्याकडेही बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी असायचीच. गोवरीचा निखारा तडतडतो, ठिणगी उडते, हे आम्हा सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणूनच बाळाला धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती घालायचं, ही रीतही आम्हाला पाठ होती. त्या खोलीतल्या एकूण एक बाईने आपल्या लेकरांना जुन्या धोतराची टोपडीच घातली होती. पण दान करायचं तर जुनं कसं द्यायचं? दान नवं कोरं, रंगीत, दुकानातल्यासारखं असायला हवं. म्हणून स्वतःच्या बाळाला जे कुणी कधी घातलं नसतं ते आम्ही दुसऱ्यांच्या बाळांना प्रेमाने विणून पाठवत होतो, आणि दर बुधवारी त्याच धाग्याची टोकं काडीने वितळवत होतो.

मी हे बोलले. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेकतानी लेकराचे कपडे काढतेत, घालत नाहीत. तुले काही पन सुचते."

"कपडे काढतात, पण टोपी कोण काढतं? डोकं झाकायलाच तर दिली आपण."

"इतक्या वर्सापासून देऊन राहिलो, कधी काही झालं का?"

"आपल्याला कोण सांगायला येणार आहे, काकू?"

मग काकू जरा चढ्या आवाजात म्हणाल्या की बाई, तुझ्या भेकडपणापायी आपलं चांगलं काम बुडवू नको. त्यांच्या मांडीवर अर्धी झालेली पिवळी टोपी होती. त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली, पण टाका काही घातला नाही.

घरी आल्यावर मितानिनला फोन केला. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं, कुकरची शिट्टी होत होती. मी सांगितलं की टोपी घालून बाळाला गोरसीजवळ नेऊ नका, सगळ्यांना सांगा. ती म्हणाली, "हव हव दीदी, बता दूंगी." असा हव, म्हणजे हो, मी या शहरात पुष्कळ ऐकला आहे. तो ऐकून धीर येत नाही.

संध्याकाळी धूप घालायला आमच्याकडे गोवरीचा तुकडा पेटवतात. मी निखारा झाला तसा उरलेल्या निळ्या लोकरीचा विणलेला तुकडा चिमट्याने त्याच्यावर धरला. नवरा टीव्हीसमोरून म्हणाला, "कायचा वास येऊन राहिला?" मी त्याला बोलावलं. लोकर भडकलीच नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. ती आधी चकाकली, मग खचली, आणि तिचा थेंब निखाऱ्यावर पडून फुसफुसला. नंतर मी जुन्या लुगड्याची चिंधी धरली. तिची कड तांबूस झाली, धूर आला आणि मी चापट मारली तशी विझली. नवऱ्याने दोन्ही तुकडे हातात घेऊन बघितले. त्याची म्हण येईल म्हणून मी वाट बघत होते. "सकाळीच निघू," तो म्हणाला.

तो हसला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर माझी भीती त्याने उडवून लावली म्हणून तर मी उभी होते. आता ती उडवून लावायला कुणी उरलं नव्हतं. स्वयंपाक करताना मला पोळी उलटवायचंही सुचेना. तव्यावर काहीही तडतडलं की ते निळं, पोपटी किनारीचं डोकं माझ्यासमोर यायचं, आणि त्याला चेहरा नसायचा, कारण ती टोपी कुणाला गेली हे मला माहीतच नव्हतं.

सकाळी माझ्या जुन्या सुती साड्या फाडल्या, त्यांचे चौकोन केले, पिशवी भरली आणि स्कूटरवर मागे बसले. उरल्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती आणि हवेत काळी भुकटी. बदल्यात हे द्यायचं आणि टोप्या परत घ्यायच्या, असं ठरवलं होतं. घरून ते सोपं वाटलं होतं. मितानिनला ते मुळीच पटलं नाही. "देकर वापस लोगे तो लोग क्या बोलेंगे दीदी? कल से मेरे को कोई दरवाजा नहीं खोलेगा." मी पिशवीतून जळलेला तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. तो कडक झालेला काळा भाग तिने नखाने खरवडून पाहिला, आणि पायात चप्पल अडकवली.

पहिल्या घरात टोपी प्लास्टिकच्या पिशवीतच होती. मामाच्या गावाला जाताना घालायची म्हणून ठेवलेली. दुसऱ्या घरी ती मोठ्या बहिणीने बाहुलीला घातली होती आणि ती काढायला तयार नव्हती, तेव्हा आम्ही ती बाहुलीवर राहू दिली. एका सासूने टोपी परत देताना माझ्या साडीचे चौकोन दोन बोटांत उचलून पाहिले आणि म्हणाली, "नवा ले के जुन्ना देत हव?" माझे कान लाल झाले. पण तिच्या खोलीत गोरसी धुमसत होती, म्हणून मी टोपी घेतलीच. एकेक टोपी पिशवीत पडत गेली तसा माझा श्वास मोकळा होत गेला. कुठेच काही झालं नव्हतं. नवरा गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर बसून होता, त्याला मी लांबूनच हाताने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. काकूंना काय सांगायचं आणि त्या किती हसतील, हेही मनात येऊन गेलं. माझी निळी टोपी तेवढी अजून मिळाली नव्हती.

शेवटची खोली बंद होती. मितानिनने कडी वाजवली. आतून बाईचा आवाज आला, "लइका सूते हे, बाद में आना." मितानिनचं तोंड बदललं. ती हळूच म्हणाली की ही मागच्या वेळी बाळाच्या वजनाच्या दिवशीही आली नाही. नवरा रोलिंग मिलमध्ये पाळीवर असतो, घरात सासू नाही, आई बेमेतऱ्याकडे गावी. पोरगी एकटीच बाळंतपण निभावते आहे.

"काय झालं ते बघूनच जाऊ," मी म्हणाले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती. बाळ खांद्याशी धरलेलं, आणि त्याचं डोकं गळ्यापर्यंत नवऱ्याच्या मफलरने गुंडाळलेलं. कोपऱ्यात गोरसी होती, विझलेली. मितानिनने टोपीचं विचारलं. "गुम गे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हिंदीत पुन्हा म्हणाली, "खो गई दीदी." ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

मी मफलरला हात लावला तशी ती मागे सरकली. मितानिनने तिला दरडावलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून तिने स्वतःच मफलर सोडवला. डाव्या कानाच्या मागे, मोठ्या नाण्याएवढी जागा होती. वर काहीतरी पांढरं वाळून भेगाळलेलं, कडेने लाल. कानाची वरची पाळी सुजलेली. बाळाने मान वळवली आणि ते किरकिरलं. मी तिथेच जमिनीवर बसले.

मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. रात्री थंडी फार होती, ती बाळाला मांडीवर घेऊन शेकत बसली, तिला झापड आली. चटका बसला तसं बाळ किंचाळलं. टोपी ओढली तर ती निघेना. शेवटी कशीबशी सुटली तेव्हा वरून टूथपेस्ट लावली. दवाखान्यात नेलं तर विचारतील, मितानिनला कळलं तर ती नवऱ्याला सांगेल, नवरा म्हणेल एक पोर सांभाळता येत नाही. "मेरे से हुआ दीदी. मेरी गलती है. मेरे आदमी को मत बताना."

"टोपी मैंने बुनी थी," मी म्हणाले. "यह धागा पिघलता है. तेरी गलती नहीं है." मी हे तिला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. तिने प्रत्येक वेळी मान डोलावली आणि पुन्हा म्हणाली की मला झोप लागायला नको होती.

रिक्षा करून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. माझा नवरा मागून स्कूटरवर आला. रांगेत बाळ माझ्याकडे होतं. इतकं हलकं होतं ते, की मी सारखी त्याच्या नाकाशी बोट नेऊन श्वास बघत होते. मला वाटत होतं, डॉक्टर मफलर सोडवतील आणि कान गेला म्हणतील, किंवा विष आत पसरलं म्हणतील. मी देवाला काहीतरी कबूल करत होते, काय ते आता आठवत नाही. तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. धुताना तिच्यातून एक निळा धागा निघाला, तो त्यांनी चिमट्यावर धरून उजेडात पाहिला. कसं झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली. उत्तर मी दिलं. डॉक्टरीणबाई मलमाचं नाव लिहीत म्हणाल्या की कान ठीक आहे, सूज उतरेल, फक्त तेवढ्या जागी केस येणार नाहीत. आणखी थोडे दिवस लपवलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर मी काकूंना फोन केला. जे झालं ते सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पोराले दुखून राहिलं का रे?" मला त्या एरवी कधी 'रे' म्हणत नाहीत. त्याच दुपारी त्यांनी घरातली सगळी लोकर पोत्यात भरली, हे मला नंतर कळलं.

तिला खोलीवर सोडायला गेलो. मी मलम कसं लावायचं ते पुन्हा सांगितलं, साडीचे उरलेले सगळे चौकोन दिले, नवरा रागावला तर मला फोन करायला लाव म्हणून नंबर दिला. ती हव, हव करत होती. मी निघाले तशी ती म्हणाली, "रुको न दीदी," आणि आत गेली. पेटी सरकवल्याचा आवाज आला.

ती माझी टोपी घेऊन बाहेर आली. धुतलेली, घडी घातलेली. कडक झालेला भाग तिने कातरून काढला होता आणि ते भोक काळ्या दोऱ्याने रफू केलं होतं, बारीक टाक्यांनी, कडेला कडा नीट जुळवून. मला इतकं सुबक अजूनही येत नाही. तिने दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली.

"बना दी है दीदी. वापस रख लो. किसी और के बच्चे के काम आ जाएगी."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती घाबरली, तिला वाटलं रफू मला आवडलं नाही. शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. दिवस भरत आलेले. ती त्या निळ्या टोपीकडे बघत होती. मी टोपी घेतली आणि पिशवीच्या अगदी तळाशी घातली.